गुंडूपुढचं टिंब

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. (मोठ्या बहिणीला पत्र लिहायचं तर एवढं लागतंच, असं आई म्हणाली. वि. वि. म्हणजे काय ते विचारायचं राहिलं, पण दिसायला भारदस्त आहे म्हणून टाकलं.) तुझी पाठ कशी आहे? ऑफिसने ती खुर्ची बदलून दिली का? जेवतेस ना वेळेवर? आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे आई बरी आहे, मी बरी आहे (एक बोट सोडून, ते पुढे येईलच), आणि काका... काकांबद्दलच लिहायला बसलेय. फोनच केला असता, पण काकू गेल्यापासून तुझा फोन कायम मीटिंगमध्ये असतो. रागावून म्हणत नाहीये. कागदाला मीटिंग नसते, म्हणून हे टाइप करून, प्रिंट काढून पाठवतेय.

तुला माहीतच आहे, काकू गेली तेव्हापासून काकांनी दवाखान्याचं शटर वर केलेलं नाही. वर घरात बसून असतात. पेपर हातात असतो, पान काही उलटत नाही. खाली लोक आपापली कुत्री-मांजरं घेऊन येतात, शटरकडे बघतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. शेवटी आईने मला पिटाळलं. म्हणाली, "सुट्टीच आहे ना तुला? जा, काकांना जरा हलव." आता कोणाला हलवायचं म्हटलं की मी चप्पल घालून तयारच असते. गेल्या गेल्या विचारलं, काका, दवाखाना कधी उघडायचा? तर म्हणाले, "जनावरांचं मला कळतं गं. माणसं ती बघायची." मग म्हणाले, "तिची यादी आहे ना कॉम्प्युटरवर, ती काढून ठेव. बघू." ताई, 'बघू'! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते 'नको' सोडून दुसरं काहीतरी बोलले होते. मला वाटलं, यादी झाली की दवाखाना उघडणार, दवाखाना उघडला की काका जेवणार, बोलणार, आणि कोणी आणलं हे सगळं? ढब्बूने. (हो, मीच. तूच ठेवलेलं नाव आहे, विसरली नसशील.)

तर खाली गेले. काऊंटरमागची तिची खुर्ची, त्यावर जुन्या पडद्याची शिवलेली ती उशी, कीबोर्डवर पुसून गेलेली अक्षरं, आणि फिनेलच्या आतून अजूनही येणारा ओल्या कुत्र्याचा वास. फाइल उघडली आणि मला गहिवरून आलं. (दुःखाने नाही. तेव्हा आनंदाने. एवढा अस्वच्छ डेटा मी कोर्समध्येसुद्धा पाहिला नव्हता.) तुला ठाऊक आहे की मी तो स्प्रेडशीटचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट आईने कपाटात साड्यांखाली जपून ठेवलंय, पण आजपर्यंत मला साफ करायला खराखुरा घाणेरडा डेटा मिळालाच नव्हता. आणि इथे तर खजिना! प्रत्येक नावाच्या आधी स्पेस, नंतर स्पेस, मधे तर एवढ्या की त्यात अजून एक नाव बसेल. इंग्लिश अक्षरांत लिहिलेली नावं कधी सगळी कॅपिटल, कधी सगळी छोटी, कधी मधलंच एक अक्षर उभं, वर्गात शंका विचारायला उठल्यासारखं. मालकांची नावं तर तिने लिहिलीच नव्हती. 'बेकरीवाले', 'बेकरी', 'पावाचे', 'ते टोपीवाले पावाचे'. हा सगळा एकच माणूस, ताई.

आधी ट्रिम चालवलं. ट्रिम इतकं गोड फंक्शन आहे ना! पुढच्या-मागच्या सगळ्या फालतू स्पेस अशा झटकून टाकतं, जसं लहान मुलाचं नाक पुसून त्याला फोटोला उभं करावं. मग प्रॉपर, त्याने प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर तेवढं मोठं केलं आणि बाकीच्यांना खाली बसवलं. मग बेकरीवाले सगळे एकसारखे करून घेतले आणि डुप्लिकेट काढून टाकले. त्यांच्याकडे 'मिनी' नावाची मांजर होती, ती पुन्हा पुन्हा आली होती यादीत. मी म्हटलं, काकू विसरून परत परत लिहीत असणार, आणि सगळ्या मिन्या मिळून एक करून टाकली. (पुढे कळलं की त्या माणसाने आयुष्यात पाळलेल्या प्रत्येक मांजरीचं नाव मिनीच ठेवलंय. एक गेली की दुसरी मिनी. माझ्या यादीत आता जी मिनी आहे तिचं वय बघून काका म्हणाले, "हे मांजर आहे की कासव?")

मग राहिले कंस आणि टिंबं. काकू नावाच्या पुढे कंसात काहीबाही लिहायची. राजा (चावतो, पण मनाने चांगला). भुरी (मालकीणच जास्त घाबरते, आधी तिला पाणी द्या). कॅप्टन (मालक सुई बघून आडवे होतात, बाहेर बसवा). मला वाचून खूप हसू आलं, पण आमचे कोर्सचे सर म्हणायचे की नावाच्या कॉलममध्ये फक्त नाव. म्हणून लेफ्ट आणि फाइंड अशी दोन फंक्शन जोडून, जिथे कंस सुरू होतो तिथून पुढचं सगळं कापलं. (या पत्रात मी किती कंस टाकलेत ते बघ. माझ्याच फॉर्म्युल्यात हे पत्र घातलं तर 'शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.' एवढंच उरेल.) आणि टिंबं! काही नावांच्या शेवटी एक टिंब, काहींच्या नाही. ना धड पूर्णविराम, ना काही. मी सब्स्टिट्यूट लावलं, टिंबाच्या जागी काहीच नाही, एंटर. सगळी टिंबं एका फटक्यात गायब. ताई, तेव्हा मला जे वाटलं ना, ते खोली झाडून झाल्यावर उंबरठ्यात उभं राहून मागे वळून बघताना वाटतं तसं होतं. मग मी ती फाइल सेव्ह केली, आणि जुनी फाइल डिलीट केली. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. उगाच कन्फ्युजन नको म्हणून.

आणि काकांना सरप्राइज द्यायचं म्हणून, न विचारता, यादीतल्या सगळ्यांना एकदम मेसेज पाठवला. मजकूर काकूचाच जुना होता, कॉम्प्युटरमध्ये तयार होता, नाव आपोआप भरलं जातं: 'प्रिय अमुक, तुमची लस राहिली आहे. आम्ही तुमची वाट बघत आहोत. लवकर या.' खाली दवाखान्याचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं. सगळ्यात आधी राजा आला, शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. माझ्या यादीत तो नुसताच 'राजा' होता, स्वच्छ, कंस नसलेला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. (तर हे पत्र नऊ बोटांनी टाइप केलंय.) बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या काकूने लिहून नाही का ठेवलेलं?" मी म्हटलं, ठेवलं होतं. राजा मात्र लगेच माझा हात चाटायला लागला. मनाने चांगला आहे, ते खरंच आहे. त्या दिवशी लस एकालाच मिळाली, आणि ती मला, माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन. पण ते दुपारी.

त्याआधी बाकीचे आले. आणि ताई, ते नुसतेच आले. बाकावर माणसं बसायला लागली आणि एकाच्याही हातात पट्टा नाही, पिंजरा नाही, टोपली नाही. मी आपली विचारतेय, "पेशंट कुठाय?" आणि ते माझ्याकडे बघतायत. पांढऱ्या मिशांचे एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांनी खिशातून एक गळपट्टा काढून काऊंटरवर ठेवला, जुना, चामडं मऊ पडलेलं, घंटी अजून तशीच. म्हणाले, "गुंडूला बोलावलंय तुम्ही. मेसेज आला. मी म्हटलं, कोणीतरी जायला पाहिजे."

मी विचारलं, "आणि गुंडू?"

"अगं पोरी, त्याला जाऊन दोन पावसाळे झाले. इथल्या बाईंनी माझ्यासमोर टिंब ठेवलं होतं त्याच्यापुढे. मी म्हटलं, खोडा की नाव, आता कशाला? तर म्हणाल्या, मास्तर, खोडत नाही हो मी कोणाला. नुसतं टिंब ठेवते. म्हणजे तो राहील यादीत, फक्त तुम्हाला मेसेज येणार नाही."

ताई, मी बाकाकडे बघितलं. ती सगळी टिंबं होती. मी काढून टाकलेली सगळी टिंबं अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून समोर बसली होती. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणी ओरडलं नाही. बेकरीवाले (टोपीवाले, पावाचे) म्हणाले, "मेसेज वाचला आणि क्षणभर वाटलं, पहिली मिनी परत आली." आणि हसले, आणि मग टोपी काढून नुसतीच हातात धरून बसले. मग मास्तरांनी विचारलं, "बाई कुठायत? आत आहेत का?" त्यांना कळलंच नव्हतं. शटर बंद दिसायचं, त्यांना वाटलं गावाला गेल्या असतील. मी काऊंटरवरचा गुंडूचा पट्टा उगाच सरळ करत बसले. (एवढी बडबडी मी.)

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि काका खाली आले. पायजम्यातच. हातात काकूचा फोन. तो ते रोज चार्ज करतात हे मला माहीत नव्हतं, तुला होतं का? त्यांनी तो माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर माझाच मेसेज होता. काकू आधी स्वतःला पाठवून बघायची, नीट जातोय की नाही ते, म्हणून यादीत सगळ्यात वरती स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता तिने, आणि नावाच्या जागी लिहिलं होतं 'मी'. तर मेसेज असा होता: 'प्रिय मी, तुमची लस राहिली आहे. आम्ही तुमची वाट बघत आहोत. लवकर या.'

"हा तू पाठवलास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझं बोट बघितलं, आत नेलं, धुतलं आणि पट्टी बांधली. कुत्र्याच्या पंजाला बांधतात तशी, चार बोटं एकत्र. मग बाहेर येऊन मास्तरांच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "ती गेली, मास्तर." मास्तरांनी गुंडूचा पट्टा उचलला आणि काकांच्या हातात दिला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काकांनी तो घेतला. दोघं तसेच बसून राहिले, आणि ती घंटी मधेमधे वाजत होती.

सगळे गेल्यावर काका तिच्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच. म्हणाले, "फाइल दाखव." मी दाखवली. ते एकेक ओळ खाली जात होते, अगदी हळू, ओठ हलत होते. तेव्हा मला आठवलं की काकू इथून हे सगळं मोठ्याने वाचायची आणि आत टेबलापाशी ते ऐकायचे. "पुढचा राजा, चावतो हो, पण मनाने चांगला!" ते वाचत नव्हते, ऐकायला बसले होते. आणि मी तिचं सगळं बोलणं कापून नुसती हजेरी ठेवली होती. "किती स्वच्छ आहे," ते म्हणाले. आणि मी मूर्खासारखी थँक्यू म्हटलं. मग म्हणाले, "भुरीच्या बाईंचं पाणी कुठे गेलं?" मी सांगितलं. "जुनी आहे?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले. "पण ही तिची नाही गं. ही कोणाचीही असेल." आणि उठून शटर खाली ओढलं. ते अजून खालीच आहे.

मला ओरडले नाहीत. जेवताना उलट भाजी माझ्या पानात जास्त वाढतात. त्याचाच त्रास होतो.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप. पाठीला शेक दे.

तुझी
ढब्बू

ता. क. आईने आत्ता सांगितलं, वि. वि. म्हणजे 'विनंती विशेष'. म्हणजे विनंती आधीच करून झालीये आणि मलाच पत्ता नाही! तर ती अशी. तू सुट्टी संपवून निघालीस की काकू दर वेळी तुझ्या बॅगेत चष्म्याच्या जुन्या केसमध्ये घालून एक पेनड्राइव्ह कोंबायची ना, "कॉम्प्युटर बिघडला तर तुझ्याकडे असू दे" म्हणून? तू एकदा हसत सांगितलं होतंस की सगळे ड्रॉवरमध्ये पडलेत, एकही उघडून बघितला नाहीस. तेव्हा मी पण हसले होते. ताई, तू उघडला नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. न उघडलेला म्हणजे कोणाचा हात न लागलेला. तोच पाहिजे आहे.

ता. क. २. कुरियर नको. स्वतः घेऊन ये. आणि गाडीत बसून उघडून नीटबीट करायला जाऊ नकोस, तुझाही कोर्स झालाय हे मला माहीत आहे. फाइलचं नावसुद्धा बदलू नकोस. ते 'यादी नवी शेवटची हीच वापरा २' असं असेल.

ता. क. ३. काकांना सांगितलं की कदाचित ताईकडे मिळेल. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मी म्हटलं, फाइल आली की टिंबं सगळी पुन्हा जिथल्या तिथे असतील, आणि मग... ती वरची 'मी'ची ओळ आहे ना, तिथे मी... तेवढ्यातच म्हणाले, "तिथे टिंब नको. मेसेज येऊ दे."