‘घसरणे’चं कार्ड

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी लेक चिमणी मजेत आहे. शाळा सुटली की माझ्या शब्दकोशाच्या कचेरीत येते, कार्डं लावते आणि माझ्याच चुका काढते. तू वर्षभर दारूला शिवला नाहीस की ती तुझ्या घरी, असा आपला करार. तीनच आठवडे उरलेत, म्हणून मी तिची बॅग भरायला घेतली आहे.

एक काम कर. ‘घसरणे’चं कार्ड अडलंय. अर्थ लिहिलाय, ‘पकड सुटून खाली किंवा मागे येणे’. त्याखाली वाक्य हवं, तेही खरोखर घडलेलं. रचलेलं आमच्याकडे चालत नाही. तुझ्या गॅरेजात काहीतरी घसरलं असेलच.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाक्य घे: ‘चढावरचा ट्रक मागे घसरला.’ परवाच घडलं. चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा राहून गेला. कुणाला लागलं नाही.

चिमणीच्या खोलीला पिवळा रंग दिलाय. लोभ असू दे.

धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

बावीस वर्षांत तू ठोकळ्याशिवाय गाडीला हात लावलेला नाहीस. घरी सायकल पुसायची तरी तुला वीट लागायची. तेव्हा मला शेंड्या लावू नकोस. जीव थाऱ्यावर नाही, काय झालं ते कळव.

ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

ट्रक मी रचला. घसरलो मीच. नऊ तारखेला दुपारी खोली रंगवून झाली, ती बघून इतका आनंद झाला की एका पेल्याने काय होतंय म्हणत बाटली संपवली. त्यानंतर दहा दिवस थेंब नाही. फार लाज वाटते, ताई. बॅग रिकामी कर. जमलं तर लोभ ठेव.

धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मी खूप रागावले आहे. बॅग रिकामी केली. वर्ष आता दहा मार्चपासून पुन्हा मोजायचं, त्यात सूट नाही. पण खरं कळवलंस, म्हणून हे पत्र लिहू शकते आहे.

कार्ड भरलं. तुझं नाव घातलं नाही, ‘एक मेकॅनिक घसरला’ एवढंच लिहिलं.

चिमणीला सगळं सांगितलं. रडली, जेवली नाही. सकाळी विचारत होती, बाबा चाकामागे ठोकळा लावतो तो केवढा असतो. मी हातानं दाखवला. मग म्हणाली, एवढी तर मी आहेच, दर रविवारी दुपारी पिवळ्या खोलीत जाऊन बसेन.

या रविवारी बाराच्या गाडीने आम्ही दोघी येतोय. जेवायचा थांब.

ताई