आईच्या नावावरचं दुखणं

दादा,

आज वर्गात वैमानिकांना नवा नियम मीच समजावून सांगितला. मन आजारी असेल तर लपवू नका, उपचार घ्या, बरे झालात की तपासणी होऊन लायसन्स परत मिळेल. मागच्या बाकावरून एक कॅप्टन म्हणाला, "मॅडम, आधी कोण स्वतःहून सांगायला जातंय ते बघू." सगळे हसले. तूही हसला असतास, आणि सांगितलं नसतंसच.

तू विमान उडवायचास तेव्हा तर सांगितलं की लायसन्स गेलंच. म्हणून तुझ्याऐवजी आई डॉक्टरकडे जायची. तुला काय होतं ते ती घरून पाठ करून जायची. "पहाटेच जाग येते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही." गोळ्या तिच्या नावावर मिळायच्या आणि तू घ्यायचास. डॉक्टरांनी तुझं तोंडही कधी पाहिलं नाही. एकदा ते म्हणाले, "मावशी, चेहऱ्यावरून तर ठणठणीत दिसता." हे सांगताना आई किती हसली होती.

तू स्वतःला संपवलंस आणि वर्षभराने हा नियम आला. राग कुणावर काढू, तूच सांग.

काल आईला त्याच डॉक्टरकडे नेलं. तिने सांगितलं तेही तेच, शब्दन् शब्द.

डॉक्टर म्हणाले, "जुनंच दुखणं दिसतंय, मावशी."

"नाही हो," आई म्हणाली. "ते माझ्या लेकाचं होतं. हे माझं आहे."

तुझ्यावर अजून चिडलेली,
धाकटी