मुक्काम वाढवून मिळण्याबाबत

९ जून

चि. भाऊ यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना वेगळे आशीर्वाद, त्यांना जास्त गरज आहे.

आम्ही दोघं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ह्यांचा दमा इथल्या हवेत आवरलेला आहे. त्यासाठीच तर निवृत्तीनंतर चंबूगबाळं उचलून या परक्या देशात आलो. विसरणं मात्र वाढत चाललंय. पाणीपुरवठा खात्यात अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे काढणारा माणूस, आणि आता न्हाणीघर सापडावं म्हणून मी भिंतीवर कागदी बाण चिकटवलाय. बाण वाकडा आहे हे मात्र त्यांच्या लगेच लक्षात आलं. पट्टी घेऊन सरळ करून दिला, वर मला दोन शब्द सुनावले.

खरी काळजी वेगळीच आहे. निवृत्तांच्या व्हिसाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. आजवर एजंट कागद घेऊन जायचा आणि शिक्का मारून आणायचा. यंदा नियम बदलला. नवरा-बायकोने स्वतः खिडकीवर हजर व्हायचं, आणि वय झालेल्यांसाठी पोटच्या मुलाने नव्याने हमी द्यायची, की हे आजारी पडले तर मी बघेन. पहिल्या अर्जावर आपल्या बुवाची सही आहे. ती आता मी कुठून आणू? एजंट म्हणतो काहीतरी करू. त्याच्या 'काहीतरी'वर माझा काडीचा विश्वास नाही. जुलैअखेर मुदत संपतेय. नाही वाढली तर इथून जावं लागेल.

फोनवर यातलं काही काढू नकोस. हे शेजारी बसून कान देऊन ऐकतात. आयुष्यभर मी टेलिफोन एक्स्चेंजात दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, आणि आता स्वतःच्या भावाला कागदावर गाठावं लागतंय.

माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

----

१८ जून

ती. सौ. अक्का हिस,

सा. न. वि. वि. गुडघ्यांनी आशीर्वाद घेतले, पण जिन्यावर गुण दिसला नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा एकाच शब्दाशी अडकलो. 'जावं लागेल.' अगं, कुठे जावं लागेल? आपल्याच घरी ना? बुवा गेल्यापासून मी घसा कोरडा करून सांगतोय, परत या. एकुलता एक लेक असा कामावर असताना छातीत कळ येऊन गेला, आणि तुम्ही त्याचं सगळं उरकून परत त्याच परक्या मुलखात जाऊन बसलात. कोणासाठी?

खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली आहे. संडासात धरायला दांडा बसवून घेतला. हिने भावोजींसाठी मऊ उशी शिवली. तूच सांगतेस की ते रोज दुपारी 'घरी चल' म्हणून मागे लागतात. मग तोंडाने मागतोय माणूस, तर आण की त्यांना.

हमीचं म्हणशील तर बुवाच्या जागी मी सही करतो. विचारून बघ एजंटला. आम्हाला मामा बनवायला सगळे तयार असतात, मग मामाची सही का चालू नये?

रागावू नकोस. मोठी बहीण दूर राहिली की धाकट्याची जीभ लांब होते. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
भाऊ

----

२७ जून

चि. भाऊ यास,

आशीर्वाद. रागावले नाही. पण जे तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगायलाच हवं.

हे ज्या घरी चल म्हणतात ते तुझं नाही, माझंही नाही. ते त्यांच्या आईचं घर, आणि त्या जागी केव्हाच दवाखाना झाला. ते कुठून आणून देऊ?

गेल्या वर्षी तुझ्या बायकोचा फोन आला होता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तो ह्यांनी उचलला. तिने मायेनेच म्हटलं, बुवाला जाऊन वर्ष झालं, अजून खरं वाटत नाही. तिला काय कल्पना, की बुवा गेल्याचं हे पार विसरलेत. मी खाली आले तेव्हा हे स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. मला विचारत होते, माझं पोरगं गेलं आणि मला कोणी नेलं का नाही. भाऊ, शेवटचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. मी समजावते आहे तोवर अनवाणी बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्यांना गाड्यांच्या गर्दीतून ओढलं, खुर्चीत बसवलं आणि मी पोहोचेपर्यंत तोंडाला साबण लावत राहिला, म्हणजे उठणार नाहीत. घरी आणलं, झोपले. उठले ते कोरी पाटी होऊन. मला म्हणाले, बुवाचा फोन नाही आला आज.

मी म्हटलं, कामात असेल.

तेव्हापासून रोज हेच. या गावात आमच्या घरचं कोणाला काही ठाऊक नाही. औषधवाला विचारतो मुलगा कसा आहे, मी सांगते छान आहे. तिकडे आणलं तर भेटायला येणारा प्रत्येक माणूस डोळ्यांत पाणी आणून त्यांचा हात धरेल. तू किती तोंडांवर हात ठेवशील? पोर एकदाच मरतं रे. तिकडे ह्यांचं ते रोज मरेल. माझ्या अंगात आता ते बघायचं त्राण नाही. सकाळी उठल्यावर वाटतं, आपणही विसरून जावं, म्हणजे सुटलो.

मामाची सही चालत नाही, विचारलं. ज्यांना मूल नाही त्यांना मात्र हमी माफ आहे. तेव्हा बुवाच्या मृत्यूचा दाखला, तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह, पाठव. स्वतःच्या लेकाला कागदावरून पुसून टाकायला निघाले आहे. दुसरा रस्ता दिसत नाही.

तुझ्या बायकोला बोल लावू नकोस. तिची चूक नव्हती.

तुझी,
अक्का

----

८ जुलै

ती. अक्का,

सा. न.

दाखला सोबत आहे. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, मयत तुमचा कोण. भाचा म्हणालो. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला.

ही तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुला काहीतरी लिहायचं म्हणून बसली होती, पण कागद कोराच राहिला.

खिडकीवर जाताना भावोजींना कोणाबरोबर तरी बाहेर बसव. आणि नाहीच मिळाली मुदत, तर घरी यायचं नाही. आपण तिसऱ्याच एखाद्या गावात दोन खोल्या घेऊ, जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही. मीही येईन. भावोजींनी विचारलं की मीच सांगेन, बुवा आत्ताच इथून गेला, तुम्ही झोपला होतात.

काय झालं ते लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.

भाऊ

----

२२ जुलै

चि. भाऊ यास,

आशीर्वाद. मुदत मिळाली. एका वर्षाची. आता कसं झालं ते वाच, घाई करू नकोस.

एजंटने ह्यांना मागच्या बाकावर बसवायचं ठरवलं होतं. मीही निर्धास्त होते. पण खिडकीवरच्या बाईंनी काचेतून बोट दाखवून दोघांनाही समोर बोलावलं. चष्मा दोरीला लावलेला, चेहरा दमलेला, वाईट बाई नव्हत्या. ह्यांना मोडक्या इंग्रजीत नाव विचारलं, बरोबर सांगितलं. ही कोण म्हणून विचारलं, बायको म्हणाले, आणि वर माझ्याकडे बघून हसले. मला इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न यायच्या आत मी श्वास सोडून बसले.

मग बाईंनी मुलं किती म्हणून विचारलं. हे ताठ होऊन म्हणाले, एक मुलगा आहे, आमची हमी त्यानेच दिली आहे.

बाईंनी आमचा अर्ज बघितला. दाखला बघितला. मग मला इथल्या भाषेत म्हणाल्या की अर्जात एक आणि तोंडी दुसरं असेल तर त्यांना कागद परत पाठवावे लागतात, आणि परत पाठवले तर मुदतीच्या आत काही होणार नाही. खरं काय ते मी सांगावं. मी डोळ्यांनी विनवलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. पण उत्तर त्यांना हवंच होतं, शेजारी त्यांचा वरिष्ठ उभा होता.

ज्यासाठी हा शिक्का हवा होता, तेच मोडल्याशिवाय तो मिळणार नव्हता.

मीही त्याच भाषेत, हळू, सांगितलं की मुलगा नाही, वारला. वाटलं, ह्यांच्या कानावरून जाईल. हे माझ्याकडे वळले आणि काय म्हणालीस म्हणून विचारलं. त्या नजरेपुढे मला खोटं बोलता आलं नाही रे. मी म्हटलं, "बुवा गेला हो."

मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा विचार करत होते, दार किती लांब आहे ते बघत होते. पण हे ओरडले नाहीत. हात उचलला तो माझ्या पाठीवर ठेवला. म्हणाले, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आत्ताच."

मग आम्ही दोघं त्या खिडकीसमोर उभे राहून रडलो. बुवा गेला तेव्हा हे धावपळीत होते आणि मी दगड झाले होते. एकत्र असं रडलोच नव्हतो. मागच्या रांगेतले लोक एक पाऊल मागे सरकले. बाईंनी शिक्का मारला तोही अलगद, आवाज होऊ न देता.

घरी येताना बसमध्ये ह्यांनी माझा हात सोडला नाही. संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, बुवाचा फोन नाही आला आज. मी म्हटलं, कामात असेल. म्हणजे आता पुन्हा वर्षभर हेच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच खिडकी. माझ्याने होईल की नाही, माहीत नाही.

पण बसमध्ये, त्यांना आठवत होतं तेवढ्या वेळात, त्यांनी मला एक काम सांगितलं. म्हणाले, भाऊला कळवायला हवं, पण एकदम सांगू नकोस. त्याचा बुवावर फार जीव आहे, त्याला कोणाला तरी जवळ बसवून मग सांग.

तेव्हा हे पत्र वाचताना तुझ्या बायकोला जवळ बसवून घे.

तुझी,
अक्का