विचारून खाणारा राक्षस

३ मार्च
बाल वाचनालयाच्या बाईंचा फोन. तीस तारखेला मुलांसाठी राक्षसांच्या गाण्यांचा कार्यक्रम करा म्हणाल्या. फक्त आईवडील कंटाळून मोबाईल काढणार नाहीत, एवढं बघा. जमत नसेल तर जादूगार तयार आहे. मी लगेच हो म्हणाले. फोन उलटा धरला होता, पण ते चहा झाला नव्हता म्हणून.
संकल्प: घाबरायचं नाही.

६ मार्च
मुख्य गाणं तयार. राक्षस दारोदार जातो आणि प्रत्येकाला विचारतो, "खाऊ का?" नको म्हटलं की सॉरी म्हणून पुढे. कोणाला त्याच्या मनाविरुद्ध खाणं मला पटत नाही. मोठ्यांना यातला खोल अर्थ नक्की जाणवेल.
भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "आत्या, मग हा जेवतो कधी?"
स्वयंपाकघरात वहिनी हसली. बहुतेक दुसऱ्या कशाला तरी.

९ मार्च
राक्षसाला आवाज हवा. मी गुरगुरले की मांजरीला सर्दी झाल्यासारखं वाटतं, असं भाचीचं मत. तिला अजून गाण्याचा कान नाही.

११ मार्च, दुपार
आवाज मिळाला. बाबा झोपले होते.
आमच्या घरात बाबा घोरत नाहीत. म्हणजे घोरतात, काचा थरथरतात, पण तसं म्हणायचं नाही. दादा एकदा म्हणाला होता, तर बाबा कित्येक दिवस कोणाशी बोलले नव्हते. तेव्हापासून आई "पंप चालू आहे वाटतं" म्हणते आणि आम्ही माना डोलावतो.
मोबाईल उशीशी ठेवून रेकॉर्ड केलं. ही चोरी नव्हे. आवाज हवेतच होता.

१२ मार्च
कॉम्प्युटरवर तो आवाज संथ करून ऐकला. मग घरातले सगळे दिवे लावले. भर दुपारी. बल्ब चालू आहेत ना, एवढंच बघायचं होतं. पलंगाखालीही पाहिलं. हरवलेली चप्पल तिथे असेल असं वाटलं. नव्हती. बाकीही काही नव्हतं.
स्पीकरचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं आहे.

१७ मार्च
सूर, अक्षरं, पाढे, खरं बोलणं, सगळं मला बाबांनी घरीच शिकवलं. शाळेत मी उशिरा गेले. त्यामुळे त्यांना न विचारता त्यांचा आवाज वापरणं बरोबर नाही. चहाच्या वेळी विषय काढला: बाबा, तुमचा आवाज... ते एकदम खुलले. म्हणाले, तू मला गायला बोलावणार हे माहीतच होतं, पण मी श्रोता म्हणूनच येईन, पहिल्या रांगेत.
मी बिस्किटं पुढे केली. उद्या विचारेन.

२४ मार्च
उद्या नक्की.

२६ मार्च
बाबांनी कोट इस्त्रीला दिला. मुलगी माझ्याच तालमीत तयार झाली, असं शेजाऱ्यांना सांगून आले. मी खोलीचं दार लावून घेतलं. वारा होता.
तसं काळजीचं कारण नाही. माणसाने स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलंच नसतं.
आईने मात्र ऐकलेलं आहे. तीही पहिल्या रांगेत.

२९ मार्च
बाबांचा आवाज पुसून टाकला. भीतीने नाही, तत्त्वाने. जागी माझं गुरगुरणं घातलं. फार हलकं वाटतंय. जेवण गेलं नाही, ते आनंदाने.

३० मार्च, संध्याकाळ
हॉल भरलेला. जादूगार पेटी घेऊन दाराशी उभा. दिवे मंद केले. आधी राक्षसाच्या बाळाची अंगाई म्हटली. ती मी फारच शांत बांधली आहे.
मग मुख्य गाणं. माझं गुरगुरणं वाजलं. मागून कोणीतरी विचारलं, राक्षस कधी येणार? बाईंनी जादूगाराकडे पाहिलं. कसंबसं शेवटचं "खाऊ का?" म्हटलं.
आणि अंधारातून उत्तर आलं. खुर्च्यांखालून, काचांमधून. मुलं किंचाळून आईबापांना बिलगली. मी कीबोर्डच्या मागे खाली बसले होते. पडलेला कागद शोधत. बराच वेळ. तोच आवाज होता. मी स्वतःच्या हाताने पुसलेला.
तेवढ्यात आई, नेहमीच्या सुरात: "अहो, कुशीवर वळा."
मोठी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुलं "पुन्हा, पुन्हा" ओरडायला लागली. बाबा दचकून जागे झाले, टाळ्या ऐकल्या आणि उठून सर्वांना हात केला.
परतताना त्यांनी विचारलं, लोक एवढे कशाला हसले?
आई म्हणाली, "पंप चालू होता."
मी खिडकीबाहेर बघत होते.

१ एप्रिल
बाईंचा फोन. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम. मला खात्री होतीच. राक्षस हवाच म्हणाल्या, त्याला न्यायला गाडी पाठवतील. मला सवड नसेल तर मी आले नाही तरी चालेल. अंगाईचं रेकॉर्डिंग तेवढं पाठवायचं, त्याला झोप लागावी म्हणून.
मी हो म्हणाले. आता फक्त राक्षसाला विचारायचं राहिलं आहे.
उद्या. चहाच्या वेळी.