उपऱ्याची गुणगुण

१९ ऑगस्ट

गेला! आमचा अ‍ॅम्प्लिफायर आज सकाळी गेला. बातम्या चालू होत्या, फट् असा आवाज, जळका वास, आणि खलास. बोडिल ओला टॉवेल घेऊन धावत आली. "काय पेटलं?" म्हटलं, पेटलं नाही, मेलं.

रेकॉर्ड प्लेअर मात्र ठणठणीत आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेला. दोन्ही मी जिथे नोकरी केली त्या इथल्या फॅक्टरीचेच – या गावात दुसरं काही कुणाच्या घरात असतं का!

पुढच्या महिन्यात चौदा तारखेला लग्नाला पन्नास वर्षं होतील. संध्याकाळी वरवधूचा वॉल्ट्झ. लग्नात लागली होती तीच रेकॉर्ड, याच प्लेअरवर. बोडिलने बाकी काही मागितलेलं नाही. ना प्रवास, ना दागिना. "तेवढा नाच हवा, थोरकिल. सगळ्यांच्या मधोमध." आणि आता हे.

२१ ऑगस्ट

एगॉन येऊन गेला. आयुष्यभर फॅक्टरीत जोडणी केलेला माणूस. झाकण उघडून आत बघितलं, मान हलवली. "गड्या, याचा हा भाग आता कुणी बनवत नाही. अंगणात पुरून टाक, वर एक गुलाब लाव." हसला. मला हसू आलं नाही.

२४ ऑगस्ट

आमची लेक डॉर्थे आणि येप्पे ऑरहूसहून आले. जावईबापूंनी गाडीच्या डिकीतून खोकं काढलं – अ‍ॅम्प्लिफायर! जपानी, चंदेरी तोंडाचा, पुढे ही मोठी मोठी बटणं. "जुनाच आहे, पण एकदम दणकट. तुमच्या वॉल्ट्झसाठी."

फॅक्टरीत आम्ही बाहेरच्या प्रत्येक यंत्राला 'उपरा' म्हणायचो. लग्नानंतर बरेच दिवस मी येप्पेलाही म्हणत असे – त्याच्या माघारी. त्याला ते ठाऊक आहे. खोकं टेबलावर ठेवून म्हणतो, "हा घ्या, एका उपऱ्याकडून दुसरा." डॉर्थेने त्याला कोपर मारलं. बोडिल खो खो हसली. मी कॉफी ओतत बसलो.

२५ ऑगस्ट

जुळत नाही. आमच्या प्लेअरचा प्लग गोल, पाच दातांचा. उपऱ्याच्या पाठीला नुसती सुटी भोकं, लाल आणि पांढरी. येप्पेने त्यासाठी एक जोडवायर ठेवलीय, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. आणि एक बारीक हिरवी तार उगाचच लोंबत होती. कापून टाकली.

लावलं. आवाज असा लांबून, जणू शेजारच्या घरात वाजतंय. फोन केला. येप्पे म्हणाला, "चुकीच्या भोकात घातलंत. फोनो लिहिलंय तिथे घाला, बाबा." घातलं. आवाज आला! पण सोबत गुंऽऽऽ. बैठकीची खोली भरून गुंऽऽऽ. बोडिल कानांवर हात ठेवून बाहेर गेली.

२६ ऑगस्ट

पुन्हा येप्पेला फोन.
"हिरवी तार स्क्रूला लावलीत ना?"
"कुठली तार?"
"ती अर्थिंगची, बारीक..."
कापून टाकल्याचं सांगितलं. पलीकडून डॉर्थेचं हसू ऐकू आलं – म्हणजे फोन स्पीकरवर होता! आमच्या यंत्रांत अर्थिंग त्या गोल प्लगच्या पोटातूनच जायचं. या गावात कुणी वेगळी तार बघितलेलीच नाही. मला कसं कळावं?

उरलेल्या टोकाला वायर जोडली, उपऱ्याच्या पाठच्या स्क्रूला आवळली. गुणगुण एकदम खाली. बोडिल म्हणाली, "गेली की रे! वा!"

गेली कुठे. आहे. कमी झालीय, बारीक झालीय, पण आहे.

२९ ऑगस्ट

आहेच. रेकॉर्डच्या दोन गाण्यांमधल्या जागेत तर साफ ऐकू येते. वायर बदलली. प्लग घासला. प्लेअर उपऱ्यापासून हातभर लांब केला. फ्रिजचा प्लग काढून बघितलं, तर बोडिलचं लोणी वितळलं आणि मला बोलणी बसली.

ती म्हणते, "मला काहीच ऐकू येत नाही." म्हटलं, नीट ऐक. डोळे मिटून उभी राहिली बिचारी. "नाही रे. नुसतं गाणं आहे."

मी एकतीस वर्षं फॅक्टरीत कापडी भिंतींच्या खोलीत बसून फक्त ऐकलं. गाडीभर प्लेअर माझ्या कानांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. मला कान म्हणत – "कानाला विचार, कानाने पास केलं का?" आणि ही मला सांगते नुसतं गाणं आहे!

१ सप्टेंबर

शेजारच्यांच्या घर गरम करायच्या पंपावर संशय होता. जाऊन विचारलं. ते म्हणाले, पंप महिनाभर बंदच आहे. त्यांच्या ओट्यावर उभा असतानाही मला गुणगुण येत होती! म्हणजे वायरीतून सगळ्या आळीत पसरतेय. वीज मंडळाला कळवायला हवं.

२ सप्टेंबर

बोडिल रागावली. तीनदा हाक मारली म्हणे, जेवायला. या गुंगुंमध्ये कुणाला काय ऐकू येणार!

४ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आली. बोडिलचे कान. दोष तिच्यात आहे! वय झालंय. ती म्हणते नाही, पण कोण हो म्हणतो? नाचायचा तिचाच हट्ट, आणि रेकॉर्ड तिला नीट ऐकूच येणार नाही. वाईट वाटलं. कान तपासायची वेळ घेतली. तिला सांगितलं.

"माझे कान?"
"तुझ्याच भल्यासाठी."
"बरं," म्हणाली.

९ सप्टेंबर

बोडिलचे कान उत्तम! तपासणाऱ्या मुलीने कागद दाखवला, चाळिशीतल्या बाईसारखे आहेत म्हणाली. मग मला विचारते, "तुम्हीही बसता का पाच मिनिटं? आलाच आहात तर." म्हटलं, बाई, माझ्या कानांना पगार मिळत होता. बोडिल खिडकीबाहेर बघत होती.

म्हणजे मग उपराच. दुसरं काय असणार? येप्पेला फोनवर स्पष्ट सांगितलं, तुझं यंत्र खराब आहे, घेऊन जा. तो म्हणाला, "बाबा, मी ते तीन दिवस घरी वाजवून बघितलं होतं. स्वच्छ आहे."
"तुझ्या कानांना स्वच्छ."
नंतर डॉर्थेचा मेसेज – तो तुमच्यासाठी ते शोधत दोन गावं फिरला होता.

१३ सप्टेंबर

इथल्या रीतीप्रमाणे शेजारी दाराला कमान बांधून गेले. हिरव्या फांद्या, वर पन्नासचा सोनेरी आकडा. बोडिल आतबाहेर करतेय. माझ्यासाठी नवे मोजे आणलेत, स्वस्तातले, एगॉनच्या कात्रीसाठी. वॉल्ट्झ संपला की नवऱ्याला उचलून मोज्यांची टोकं कापायची, ही रीत. लग्नात एगॉननेच कापली होती, अंगठ्यासकट कापायला निघाला होता गाढव. तो म्हणतो, यंदा कात्रीला धार लावलीय.

गुणगुण आज फार आहे.

१५ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. लिहितो.

काल सकाळ छान गेली. पहाटेच सगळी आळी कमानीखाली गात उभी होती, मग पाव, कॉफी, कडू दारूचे छोटे पेले. बोडिलचे गाल लाल झालेले. संध्याकाळी खुर्च्या भिंतीला लावल्या. फॅक्टरीतले जुने सगळे आले होते, सगळे! सगळ्यांच्या नजरा त्या चंदेरी तोंडाकडे. कुणीतरी म्हणालंच, "काय कानोबा, घरात उपरा?"

येप्पेने रेकॉर्ड लावली. सगळ्यांनी आमच्याभोवती गोल केला, टाळ्या सुरू झाल्या. बोडिलने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. आणि गाण्याच्या खालून तीच गुंऽऽ. त्या सगळ्या लोकांपुढे! मला वाटलं प्रत्येकाला ऐकू येतेय आणि सगळे माझी कीव करून गप्प आहेत. रीतीप्रमाणे गोल जवळ जवळ येत होता. मला सहन होईना. मी बोडिलचा हात सोडून गेलो आणि सुई उचलली.

"या डबड्यावर मी नाचणार नाही!" असं म्हणालो मी. येप्पेकडे बघून.

टाळ्या एकेक करत थांबल्या. बोडिल मधोमध उभी होती. हात अजून वर होता, माझा खांदा जिथे होता तिथे. एगॉनने कात्री खिशात घातली. मी मागच्या अंगणात गेलो आणि सगळे जाईपर्यंत तिथेच बसलो. तिथेही ती होती. गुणगुण.

१६ सप्टेंबर

बोडिल जेवण वाढते, उठते. येप्पे परवा निघताना उपऱ्याला न नेताच गेला.

१७ सप्टेंबर

सकाळी तिला म्हटलं, फॅक्टरीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कुठेतरी मिळेल, मग नाचू. म्हणाली, "पन्नास वर्षं एकदाच होतात." कपडे धुवायला टाकायला निघून गेली.

१८ सप्टेंबर

वीज गेलीय. रस्ता खणताना कुणीतरी मुख्य केबल तोडली, दुपारपर्यंत येणार नाही म्हणतात. फ्रिज बंद. घड्याळ बंद. उपरा बंद, प्लेअर बंद. अख्खी आळी बंद.

गुंऽऽ चालू आहे.

दोन्ही कानांत बोटं घातली. वाढली.

बोडिल अंगणात दोरीवरचे कपडे काढतेय. त्यात ते मोजेही आहेत, अख्खे. जातो तिच्याकडे.