बरणीतलं लोहचुंबक

११ फेब्रु., रवि.
बरणी अखेर जमली. लोणच्याची काचेची बरणी, झाकणातून रेशमी दोरा, दोऱ्याला आडवं लोहचुंबक, त्यावर चिकटवलेला आरशाचा तुकडा. लेझर पॉइंटरचा किरण आरशावरून परतून समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. तिथे आलेखाचा कागद लावलाय. अरुणला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते: सूर्यावर स्फोट झाला की दोनेक दिवसांनी पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं, चुंबक केसभर वळतं, ठिपका सरकतो. इतकी वर्षं नववीला शिकवते, घरी पहिल्यांदाच करून पाहिलं.
अरुण खुर्चीतून बघत होता. अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने. लग्नानंतर बावीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर, उपग्रह आले तशी ती पोस्टच गेली. मग नोएडाची पेजर कंपनी. आता उजवा हात उचलवत नाही, शब्द दोनच उरलेत, हो आणि ना. विचारलं, मी शाळेत असताना ठिपका वहीत मांडशील? "हो."

१६ फेब्रु., शुक्र.
डाव्या हाताने लिहितो. आकडे वेडेवाकडे, पण वाचता येतात. दर अर्ध्या तासाला एक. दिल्लीत पहाडगंजच्या शाळेतून इकडे वैशालीला घरी दोन बस बदलून आले की आधी वही, मग चहा.
एक कोडं आहे. रोज सकाळी नऊला ठिपका चार मिमी डावीकडे, संध्याकाळी साडेसहाला परत जागेवर. सूर्य ऑफिसला जातो की काय.

१८ फेब्रु., रवि.
सूर्य नव्हे, चढ्ढाजी! खालच्या मजल्यावरच्या चढ्ढाजींची नवी गाडी. आमच्या खिडकीखाली उभी असते, नऊला जाते, साडेसहाला येते. लोखंडच ते. आज रविवार, गाडी जागची हलली नाही, ठिपकाही नाही.
धीर करून सांगायला गेले. माणूस वर आला, बरणी पाहिली, अरुणची वही पाहिली. मग एवढंच, "भाभीजी, गाडी तो कहीं भी खड़ी हो जाएगी." संध्याकाळी ती गेटपाशी उभी होती, धुळीत. रोज फडक्याने पुसतात ते ती. काय म्हणावं अशा माणसाला.

४ मार्च, रवि.
बोटीवरची दुर्बीण स्टुलावर बांधून पांढऱ्या कार्डावर सूर्याची प्रतिमा पाडली. डाग मोजले, सात. अरुणने आठवा दाखवला. त्याचं बरोबर होतं.

७ मार्च, बुध.
नीट सुचत नाहीये, पण लिहिते. अरुणचा वॉकर लोखंडी. अरुण तो घेऊन कागदाजवळ गेला की ठिपका पळतो, म्हणून लांबूनच वाचायचा. आज स्वयंपाकघरातून पाहिलं. त्याने वॉकर दाराशी सोडला आणि भिंतीला तळवा टेकवून गेला. पाच पावलं. वाचलं, लिहिलं, पाच पावलं परत.
ओरडणार होते. ओरडले नाही. फिजिओ महिनाभर सांगत होते, वॉकर सोडून बघा, आणि हा मान हलवायचा, ना.
रात्री नीट जेवला.

२६ मार्च, सोम. पाडवा.
गुढीचा कलश तांब्याचा, तेव्हा ठिपक्याची हरकत नाही. कार्डावर सूर्याच्या मध्याशी डागांचा प्रचंड पुंजका. एवढा मी पाहिला नव्हता. चढ्ढा वहिनींना श्रीखंड दिलं. त्याही कार्ड बघून गेल्या, म्हणाल्या, बिल्कुल फोड़े जैसा.

२९ मार्च, गुरु.
पावणेचारला त्याच्या जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकत होतो. स्टेशन एकाएकी बुडालं. शेजारचंही. खरखरसुद्धा पातळ. मला वाटलं सेल गेले. काढायला उठले तर अरुणने माझा हात धरला, खिडकीकडे बोट केलं.
"सूर्य."
स्वच्छ. साडेसहा महिन्यांतला पहिला नवा शब्द. सूर्यावर स्फोट झाला की शॉर्टवेव्ह अशीच बुडते, बोटीवर त्याने कितीदा अनुभवलं असणार. अर्ध्या तासाने स्टेशनं परत आली. मी तोवर उभीच.

३१ मार्च, शनि.
निकालाचा दिवस, सहालाच निघाले, तीनला परत. वॉकर दाराशी. खुर्ची रिकामी. हाक मारली, ओ नाही.
भिंतीशी जमिनीवर बसला होता, पाय पसरून. पडलास? ना. पडलास का, खरं सांग. ना. भिंतीकडे बोट. साडेसहापासून दर पंधरा मिनिटांनी पेन्सिलची खूण, ठिपका कागदाबाहेर गेला तिथून पुढे थेट रंगावर. दमला तेव्हा बसला, हात पोचेल तिथून खुणा चालूच. जेवणाचं ताट झाकलेलं तसंच.
चढ्ढाजींनी येऊन उठवलं. ते तसेच खुणा बघत राहिले.

१ एप्रिल, रवि.
शंका माझ्यातल्या मास्तरणीला. तो जवळ बसला होता, काही लोखंड? घड्याळ नाही, पट्टा नाही. खाली पाण्याचा टँकर? चढ्ढाजी म्हणतात, कल कोई टँकर नहीं आया. तरी दोरा सैल झाला असेल, बरणीला धक्का लागला असेल. अरुणला हे बोलून दाखवलं. रागावला. राग पाहून बरं वाटलं.

२ एप्रिल, सोम.
खुणा, वेळा, सगळं नकलून भूचुंबकीय वेधशाळेला पोस्टाने पाठवलं. विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडेही असंच का? खाली त्याची सही, डाव्या हाताची.

१९ एप्रिल, गुरु.
उत्तर नाही. कदाचित येणारही नाही. असल्या पत्रांचा त्यांच्याकडे ढीग असेल.
पोस्टमनच्या वेळी अरुण हल्ली कठडा धरून खाली उतरतो, अठरा पायऱ्या, मागे मी. आज पेटीत विजेचं बिल तेवढं. म्हटलं, चल वर.
तो पेटीचं झाकण लावत म्हणाला, "उद्या."