माझीच बरणी, माझीच बोली

पप्पा, काल चर्चमध्ये हंगामाच्या सणाला मी माझीच लोणच्याची बरणी लिलावात विकत घेतली. वेदीपुढे ठेवलेलं आपलं अर्पण आपणच परत घरी न्यायचं नसतं, हे आपल्या मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुम्ही असता तर तिथेच डोळे वटारले असते. पण आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला. तसंही मला बोलणारं घरात आता कोण उरलंय?

एकलहऱ्याच्या क्वार्टरमधून आपण निघायचो ते आठवतं. पावरहाउसच्या कोळशाची काळी रेघ तुमच्या नखांतून जात नाही, म्हणून आई लिंबाची साल घासायला देते. बसमध्ये तिच्या मांडीवर भोपळा, माझ्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. द्वारका चौकात उतरून दुसरी बस. उपासना संपली की चर्चच्या अंगणात अर्पणांचा लिलाव, आणि तिथे तुमच्या अंगात यायचं. शेजारच्या क्वार्टरमधला तुमचा दोस्त ज्यावर बोली लावेल, त्यावर तुम्ही चढवणारच. एकदा एका पपईवरून दोघं असे पेटलात की पाळकसाहेबांनाच हसू आवरेना. तेवढ्या पैशात बाजारात टोपलीभर पपया आल्या असत्या. परतताना आईचं तोंड फुगलेलं. तिची बाजू घेऊन मी विचारलं, देवाला पैसे कशाला लागतात? तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "देवाला कुठे लागतात गं? देणं आपल्याला लागतं. घरखर्चाला जो हातभार लावत नाही, तो घरात पाहुणा. मंडळीत मला पाहुणा नाही व्हायचं." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, मग घरच्यांनो, आता आठवडाभर पपईच खा. आणि खाल्ली आपण.

तुम्ही गेलात तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ कळला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीला खांदा द्यायला तो पपईवाला दोस्त सगळ्यांच्या पुढे, लहान पोरासारखा रडत. बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि आईला चहाचं आधणसुद्धा ठेवू दिलं नाही. चर्चला का द्यायचं ते पाळक दरवर्षी सांगतात: छपराचे पत्रे, पेठ तालुक्याकडच्या मुलांचं वसतिगृह, देवाच्या उपकारांची आठवण. सगळं खरंच आहे. पण मी दशमांश द्यायला शिकले ते त्या दिवसांत. आधी पगारातून दिला, आता पेन्शनमधून देते.

तुमचे जावई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात. तो म्हणतो, मम्मी, चर्चचा क्यूआर कोड आहे ना, मीच इथून पाठवत जातो, तू कशाला रिक्षाने धडपडतेस? त्याचं काही चूक नाही. पैसे पोचतील, पत्रे बदलले जातील. पण मग रविवारी मी जाऊ कुठे, पप्पा? जुनी माणसं काही कबरस्तानात, काही मुलांकडे पुण्याला. नव्या माणसांना नावं ठेवणार नाही मी. भली आहेत, हसून सलाम करतात, हात मिळवतात आणि गाडी चालू करतात. मध्ये मी तापाने पडले होते, उपासना चुकल्या, पण कोणाचा फोन नाही. म्हणजे देऊन देऊन शेवटी मी पाहुणीच. फार एकटं वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलू. म्हणून ठरवलं, एवढा सण करायचा आणि मग मुलाचं ऐकायचं. तो पाठवील, मी घरी बसेन.

तर काल. कमिटीतला एक तरुण माइक घेऊन उभा. केकवर चढाओढ झाली, गावठी कोंबड्यावर तर भांडणं व्हायची बाकी होती. मग त्याने माझी बरणी वर धरली. घरचं लिंबाचं लोणचं, बोला! कोणी बोलेना. कोणी मोबाइलमध्ये, कोणाचं लक्ष प्रीतिभोजनाच्या रांगेकडे. त्याने परत विचारलं. माझी कानशिलं तापली. मी हात वर केला, बोली लावली, आणि समोर कोणी नसताना स्वतःवरच चढवली. तो पोरगा म्हणाला, "आजी, चढवताय कोणावर?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार? एक वार, दोन वार, तीन वार.

पावती फाडायला टेबलावर एक मुलगी बसली होती, गोड पोर. तिने वर बघून विचारलं, "आजी, नाव काय लिहू?" त्याच वेदीपुढे माझा बाप्तिस्मा झाला, तिथेच लग्न लागलं, तिथूनच तुम्हाला नेलं. त्या बिचारीचा काय दोष? पण माझं नाव तिला सांगावंसं वाटेना. मागे रांग खोळंबलेली. पावत्यांवरची नावं पुढच्या रविवारी उपासनेत वाचतात, ती पद्धत अजून आहे.

हे कागद मी कुठल्या टपालपेटीत टाकणार, म्हणून लिहायला लाज नाही. पप्पा, मी तुमचं नाव सांगितलं. रविवारी ते वाचतील तेव्हा मी मागच्या बाकावर बसणार आहे. तुमचं नाव ओळखून कोण माझ्याकडे मान वळवून बघतं, एवढंच मला बघायचंय. एकानेही वळून बघितलं, तर मुलाला सांगेन, तू पाठवू नकोस, मीच देते.